अर्ध्यावर थांबवलेल्या चाचण्या : प्रस्तावना

या संग्रहातली एकही चाचणी ठरल्याप्रमाणे शेवटाला गेलेली नाही. एखादीत औषध घेणारेच जास्त मरू लागले म्हणून थांबवावी लागली. एखादीत औषधाचा गुण इतका उघड दिसला की उरलेल्यांना नकली गोळी देत राहणे लाजिरवाणे झाले. काही चाचण्या कंपनीचा हिशेब बदलला म्हणून बंद पडल्या, तर काही सरकारी हुकमाने. पाठ्यपुस्तकांत मान असतो तो पूर्ण झालेल्या चाचण्यांना; थांबवलेल्यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. त्या ओळीमागे काय घडले ते मराठीत सलग वाचायला मिळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

हे काम चोपड्यात बसून कशाला, असे पुण्या-मुंबईच्या काही स्नेह्यांनी विचारले. मोठ्या औषधचाचण्या होतात त्या पुण्यात, मुंबईत, नागपुरात. आमच्याकडे औषध पोचते ते बाजारात आल्यावर. पण विषयाशी आमचा संबंध दूरचा नाही. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. केळी-कापसाचा पट्टा संपवून वैजापूर, सत्रासेनच्या बाजूला चढू लागले की पावरा, भिल्ल, तडवी यांची वस्ती लागते, आणि सातपुड्याच्या या साऱ्या पट्ट्यात, इथून थेट धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदलते, एवढाच दोष. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि मग हाडे अशी ठणकतात की धडधाकट माणूस ओरडू लागतो. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. योगायोग असा की अर्ध्यावर थांबवलेल्या चाचण्यांचे जवळजवळ सगळे प्रकार या एकाच आजाराच्या इतिहासात सापडतात. म्हणून संग्रहाची सुरुवात आम्ही तिथून केली आहे.

१९९५ सालचा जानेवारी. अमेरिका आणि कॅनडातल्या २१ केंद्रांवर २९९ प्रौढ सिकलसेल रुग्णांवर हायड्रॉक्सियुरियाची चाचणी चालू होती. साधारण निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली गोळी. कोणाला काय मिळते ते रुग्णाला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. औषध नवे नव्हते. १८६९ मध्ये जर्मनीत प्रथम तयार झालेले हे साधे रसायन पुढे रक्ताच्या कर्करोगात वापरात आले. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन शरीरात पुन्हा वाढते, आणि ते पुरेसे असले की पेशी सहजासहजी वाकत नाहीत, इतके कळलेले होते. देखरेख मंडळाने आकडे उघडून पाहिले. नकली गोळीच्या गटात वेदनेचे झटके वर्षाला ४.५, औषधाच्या गटात २.५. छातीत रक्तवाहिन्या तुंबून होणारा जीवघेणा त्रास एका गटात ५१ जणांना, दुसऱ्यात २५. चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. शोधनिबंध छापून यायला मे उजाडणार होता, पण तेवढीही वाट न पाहता अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने ३० जानेवारीलाच डॉक्टरांना तातडीची सूचना धाडली.

दोन वर्षांनी तशीच गोष्ट मुलांच्या बाबतीत झाली. सिकलसेलच्या मुलांना कोवळ्या वयात पक्षाघात होतो. ज्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा वेग फार वाढलेला आहे अशी १३० मुले निवडली गेली; काहींना नियमित रक्त दिले, काहींना नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ मुलांच्या मेंदूला इजा झाली, रक्त मिळालेल्यांत एकाच्या. १९९७ मध्ये ही चाचणीही आधीच थांबवली. मग साहजिक प्रश्न आला: आयुष्यभर रक्त द्यायचे काय? काही काळाने बंद करून पाहावे म्हणून दुसरी चाचणी सुरू झाली आणि २००४ मध्ये तीही थांबवावी लागली, कारण रक्त बंद केलेल्या ४१ मुलांपैकी १४ जणांचा धोका परत वर आला आणि दोघांना पक्षाघात झाला. २००९ मध्ये सिल्डेनाफिल या औषधाची चाचणी थांबली. फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी दिलेल्या या गोळीने रुग्णांना वेदनेसाठी दवाखान्यात भरती व्हावे लागण्याचे प्रमाण वाढले. २०१० मध्ये आणखी एक थांबली, ती औषध वाईट म्हणून नव्हे, तर पुढे नेऊनही हाती काही लागणार नाही असे दिसल्यामुळे. आणि २०१४ मध्ये एक थांबली ती आनंदाने: ठरावीक मुलांमध्ये रक्ताऐवजी हायड्रॉक्सियुरिया चालते, हे वेळेआधीच स्पष्ट झाले. वीस वर्षांत एका आजाराच्या सहा चाचण्या अर्ध्यावर थांबल्या, आणि सहाही वेळा काही ना काही शिकायला मिळाले.

आता आपल्याकडे या. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशात शहडोल येथे जाहीर झाली ती १ जुलै २०२३ रोजी. हायड्रॉक्सियुरियाच्या १९९५ मधल्या त्या तातडीच्या सूचनेला तोवर २८ वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात कोणी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी नंदुरबारच्या आदिवासी भागात या आजारासाठी आयुष्य घातले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये हायड्रॉक्सियुरियाच्या कमी आणि ठरीव मात्रेचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा अभ्यास आवश्यकही होता. भारतीय सिकलसेल रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच थोडे जास्त आढळते, म्हणून आजार आपल्याकडे सौम्य आहे असा एक समज रुजला होता. रात्रभर विव्हळणाऱ्या मुलाच्या आईला हा समज पटवून पाहावा! कर्करोगाचे औषध म्हणून हायड्रॉक्सियुरियाची धास्तीही होतीच, आणि अजून पुरती गेलेली नाही. रक्तपेशींची नियमित तपासणी ठेवावी लागते, हे खरे. पण गोळी स्वस्त आहे आणि तपासणी तालुक्याला होते.

संग्रह वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा खटकत राहिली, आणि ती इथेच सांगून टाकतो. चाचणी थांबवताना शास्त्रज्ञ आठवड्यांचा हिशेब करतात. चाचणी आणखी तीन महिने चालू ठेवली तर किती माणसे दगावतील, हे मोजतात. थांबल्यानंतर मात्र तोच हिशेब कोणी करत नाही. थांबवण्याची तातडी चाचणीतल्या २९९ जणांपुरती असते; बाहेरच्या लाखोंपर्यंत उत्तर पोचवायची वेळ आली की घड्याळ काढून ठेवले जाते.

थांबवायचे ते ठरवते कोण? डॉक्टर नाही, कंपनीही नाही. निदान तसे असू नये. चाचणीशी संबंध नसलेले काही तज्ज्ञ, त्यात एक संख्याशास्त्रज्ञ हमखास, असे देखरेख मंडळ असते. कोणाला औषध आणि कोणाला नकली गोळी हे फक्त त्यांनाच उघडून पाहता येते. ठरलेल्या मुक्कामांवर ते आकडे पाहतात आणि बाहेर येऊन एवढेच सांगतात: चालू ठेवा, बदला, किंवा थांबवा. बंद दाराआड काय दिसले ते कोणालाही सांगायचे नाही. या व्यवस्थेची कल्पना १९६७ मध्ये अमेरिकेत एका समितीच्या अहवालात मांडली गेली. आज मोठ्या चाचण्या तिच्याशिवाय होत नाहीत.

मंडळाची खरी अडचण संख्याशास्त्राची आहे. आकडे वारंवार पाहिले की निव्वळ योगायोगाने कधीतरी फरक दिसणारच. एकदाच पाहिले तर फसण्याची शक्यता शंभरात पाच ठेवता येते. त्याच कसोटीने पाच वेळा पाहिले तर ती चौदाच्या घरात जाते. निवडणुकीच्या मतमोजणीत पहिल्या दोन फेऱ्यांत पुढे असलेल्या उमेदवाराचे कार्यकर्ते गुलाल आणायला धावतात आणि सातव्या फेरीला गप्प बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत थांबवायचे तर फरक फार मोठा हवा, जसजसे शेवटाकडे जाल तसतशी अट सैल, असे नियम १९७०च्या दशकात बसवले गेले. तरीही धोका उरतो. गुण दिसला म्हणून लवकर थांबवलेल्या चाचण्यांत औषधाचा गुण प्रत्यक्षाहून मोठा दिसतो, हे २०१० मध्ये अनेक चाचण्या शेजारी ठेवून दाखवण्यात आले आहे. थोड्या घटनांवर थांबलेली चाचणी तर फारच जपून वाचावी.

ॲस्पिरिनची कथा त्यासाठी मुद्दाम घेतली आहे. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी स्वतःवर केलेली चाचणी १९८७ च्या अखेरीस थांबली, कारण ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी दिसले. बातमी जगभर गेली. मृत्यू कमी होतात का, पक्षाघात वाढतो का, हे मात्र सांगण्याइतक्या घटनाच झाल्या नव्हत्या. तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांवरची ॲस्पिरिनची चाचणी थांबली ती उलट कारणाने: निरोगी म्हाताऱ्यांना रोजच्या गोळीचा फायदा होण्याची चिन्हे नव्हती. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेले कितीतरी लोक शेजाऱ्याने सांगितले म्हणून ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ घेतात. त्यांनी हे प्रकरण डॉक्टरांना दाखवून मगच काय ते ठरवावे; ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्याने ती स्वतःहून बंद करू नये.

नुकसान दिसले म्हणून थांबलेल्या चाचण्यांत सर्वांत धडा देणारी हृदयाच्या ठोक्यांची आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ठोके चुकत असतील तर पुढे मृत्यूचा धोका वाढतो, हे माहीत होते. ठोके नीट करणाऱ्या गोळ्या होत्या. मग गोळ्या दिल्या की मृत्यू कमी होणार, यात शंका घ्यायला जागाच कुठे? ती औषधे सर्रास लिहिली जात होती. इतकी, की काही डॉक्टरांना नकली गोळीचा गट ठेवणेच अन्यायाचे वाटत होते. एप्रिल १९८९ मध्ये एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांपुरती चाचणी थांबली. ७५५ औषधवाल्यांत ६३ मृत्यू, ७४३ नकली गोळीवाल्यांत २६. ठोके सुधारले होते आणि माणसे मरत होती. चाचणी झालीच नसती तर हे कोणालाही कळले नसते, कारण झटका येऊन गेलेला रुग्ण दगावला की दोष हृदयावरच जातो. औषधाने कागदावरचा आकडा सुधारणे आणि माणूस जगणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवायला याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. २००६ मध्ये ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबचेही तेच झाले. कोलेस्टेरॉल छान वाढले, मृत्यूही वाढले; पंधरा हजारांवर माणसांची चाचणी डिसेंबरात बंद झाली.

महाराष्ट्रातल्या प्रकरणांपैकी पहिले पुण्याचे. एचआयव्ही असलेल्या माणसाला औषधे लवकर सुरू केली तर त्याच्या जोडीदाराला लागण होणे टळते का, हे पाहणारी चाचणी नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर झाली. भारतातली केंद्रे पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नई. मे २०११ मध्ये, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी, निकाल जाहीर करावा लागला. जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी २७ ‘औषध उशिरा’ या गटातल्या होत्या. संरक्षण ९६ टक्के. उशिराच्या गटालाही तत्काळ औषध देऊ करण्यात आले. चाचणीतल्या जोडप्यांपुरते घड्याळ चोख चालले. पण भारतात निदान झाले की लगेच उपचार हे धोरण लागू झाले २०१७ मध्ये. पुण्यातली जोडपी ज्या प्रश्नाच्या उत्तरात सामील होती ते उत्तर पुण्याच्या इतर रुग्णांपर्यंत यायला सहा वर्षे गेली.

करोनाच्या वर्षात तर थांबणे हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या लशीची चाचणी इंग्लंडात एका स्वयंसेवकाच्या आजारपणामुळे थांबली. त्याच लशीची भारतातली चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लगेच थांबवली नाही. औषध महानियंत्रकांची नोटीस आल्यावर १० तारखेला थांबवली, आणि काही दिवसांतच परवानगी मिळून ती पुन्हा सुरू झाली. ‘लस फसली’ असे लोकांनी परस्पर ठरवूनही टाकले होते. तात्पुरते थांबून शहानिशा करणे हे यंत्रणा जागी असल्याचे लक्षण आहे, हे त्या वेळी कोणी समजावून सांगितले असते तर पुढची बरीच भीती टळली असती. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा प्रयोग थांबवला, कारण मृत्यू कमी होत नव्हते. तोपर्यंत लोकांनी ती गोळी घरात साठवून संधिवाताच्या रुग्णांची पंचाईत करून ठेवली होती.

पण या साऱ्या संग्रहात मला सर्वांत गुंतवून ठेवले ते बार्शीने.

२००९ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या पुढाकाराने भारतात नऊ केंद्रांवर एक चाचणी सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबईचे टाटा रुग्णालय, पुणे, आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय. प्रश्न साधा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लशीचे तीन डोस देत. दोन पुरतील का? १० ते १८ वयाच्या २०,००० मुली घ्यायच्या होत्या.

त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात पाथ या अमेरिकी संस्थेचा लसीकरण प्रकल्प चालू होता. त्याचा या चाचणीशी संबंध नव्हता. तिथे लस घेतलेल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याचे समोर आले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचे आढळले नाही. कारणांत विषबाधा, सर्पदंश, बुडणे, हिवताप अशी होती. पण चौकशीतून दुसरेच काही बाहेर पडले. खम्मममध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. आश्रमशाळांच्या या मुलखात राहणाऱ्यांना त्यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको. ज्याच्याकडे जेवणाचे ताट आणि दाखला दोन्हींची किल्ली आहे त्याने मुलीच्या वतीने होकार द्यायचा, याला संमती म्हणत नाहीत.

एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने एचपीव्ही लशीचे सगळेच अभ्यास थांबवले. त्या झपाट्यात बार्शी-पुण्याची चाचणीही आली. तोवर १७,७२९ मुलींना लस टोचली गेली होती, पण सगळ्यांचे डोस पुरे झाले नव्हते. ४,३४८ मुलींना तिन्ही मिळाले, ४,९८० जणींना ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन, काहींना घाईघाईचे दोन, आणि ४,९४९ मुलींना फक्त एक. शास्त्राच्या दृष्टीने चाचणीचा विचका झाला होता. कोणाला किती डोस हे आता चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते, सरकारी आदेशाच्या तारखेने ठरलेले होते.

संशोधकांनी गाशा गुंडाळला नाही, यासाठी त्यांना श्रेय द्यायला हवे. वर्षामागून वर्ष त्या मुलींच्या घरी कार्यकर्त्या जात राहिल्या. मुली वाढल्या, त्यांची लग्ने होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या; तिथपर्यंत पाठपुरावा झाला. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. कर्करोगाला सर्वाधिक कारण ठरणाऱ्या १६ आणि १८ या विषाणूंची टिकून राहणारी लागण टाळण्यात तीन डोसांचे यश ९३.३ टक्के, दोनांचे ९३.१ आणि एकाचे ९५.४. म्हणजे एक डोस जवळजवळ तितकाच पुरतो. चिठ्ठ्या न टाकल्यामुळे राहिलेली शंका केनियातल्या रीतसर चाचणीने बरीचशी दूर केली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका डोसाला मान्यता दिली. गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च आणि खटाटोप त्यामुळे किती हलका झाला, हे वेगळे सांगायला नको.

या गोष्टीचा गोड अर्थ काढायचा मोह होतो, तो आवरावा. सरकारने चाचणी थांबवली म्हणून भले झाले, असे नाही. खम्ममच्या संमतीपत्रांची चौकशी आवश्यक होती, आणि बार्शीच्या मुलींचे डोस तिच्यासाठी अडवायचे कारण नव्हते. दोन्ही खरे आहे. ४,९४९ मुलींच्या बाबतीत पुढे काय होईल हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते; एक डोस अपुरा ठरला असता तर आज हे प्रकरण फार वेगळ्या सुरात लिहावे लागले असते. त्या मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी दहा वर्षे दार उघडे ठेवले, म्हणून उत्तर मिळाले. त्यांची नावे कुठल्या निबंधात येत नाहीत, येऊही नयेत. पण सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतल्या शाळकरी मुलींनी जगाचे लसीकरणाचे वेळापत्रक बदलायला हातभार लावला, ही गोष्ट त्या जिल्ह्यांतल्या शाळांत तरी सांगितली जायला हरकत नाही.

पैशामुळे थांबलेल्या चाचण्यांवर संग्रहात थोडीच पाने आहेत, कारण त्यांतून शिकण्यासारखे थोडे आणि संताप येण्यासारखे बरेच. रक्तदाबाच्या एका औषधाची १६,६०२ रुग्णांवरची चाचणी कंपनीने व्यापारी कारणाने दोन वर्षे आधी गुंडाळली. २००३ मध्ये निकाल छापला तेव्हा हा रुग्णांशी केलेला करारभंग आहे, अशी टीका त्याच नियतकालिकात झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली तेव्हा दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही-प्रतिबंधक योनीरिंगचा अभ्यास चालू असतानाच थांबला, शरीरात रिंग बसवलेल्या स्त्रियांसह. औषध वाईट ठरून थांबणे मी समजू शकतो. ज्याने विश्वासाने दंड पुढे केला त्याला ‘आमचे बजेट संपले’ असे सांगणे हे वैद्यकशास्त्रात बसत नाही.

भारतात आता कायदा बराच सुधारला आहे. चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून तीत नोंद सक्तीची झाली. २०१९ च्या नियमांनुसार चाचणी मध्येच बंद केली तर कारणे औषध नियंत्रकांना कळवावी लागतात, इजा झाल्यास उपचार मोफत करावे लागतात, भरपाईचीही तरतूद आहे. संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यावीच लागते. ती प्रत घरी जपून ठेवा. आपल्या घरातले कोणी चाचणीत असेल तर ती नोंदवहीत शोधून पाहा; इंटरनेटवर ती कोणालाही फुकट पाहता येते आणि चाचणी चालू आहे की बंद, तेही तिथे दिसते. बंद असेल तर का बंद झाली हे विचारा, आणि उत्तर तोंडी न घेता लेखी मागा.

सामान्य वाचकांनी पुस्तक कुठूनही उघडावे. बार्शीपासून सुरुवात केली तर उत्तम. तांत्रिक शब्द आम्ही शक्य तिथे साधे केले आहेत. जिथे रूढ इंग्रजी शब्दच लोकांच्या तोंडी आहे तिथे तोच ठेवला. आकडे मूळ निबंधांतून घेतले आहेत, पण हे उपचारांचे मार्गदर्शक पुस्तक नाही आणि त्यावरून कोणी गोळ्या बदलू नयेत.

डॉक्टर वाचकांना मात्र एक विनंती आहे, विशेषतः चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या भागात दवाखाना असलेल्यांना. सिकलसेलचे प्रकरण आधी वाचावे. १९९५ मध्ये पुढे चालू ठेवणे अन्यायाचे होईल म्हणून जी चाचणी थांबवली, तिचे उत्तर तुमच्या टेबलापर्यंत आले आहे. वेदनेने वारंवार भरती होणारा सिकलसेलचा पुढचा रुग्ण समोर येईल, तेव्हा त्याला हायड्रॉक्सियुरिया सुरू करावे. करायचे नसेल, तर का नाही ते त्याच्या केसपेपरवर लिहावे.

चोपडा, जि. जळगाव